मोहरीएवढा टवका

आमच्याकडं टवका मोजायला फूटपट्टी लागत नाही. खसखस, मोहरी, ज्वारी, तूरडाळ, एवढी मापं पुरतात. मी बॉनेटवर वाकून बोलत जातो, "खसखस दहा, मोहरी चार, ज्वारी एक," आणि मागं उभा असलेला पोरगा वहीत टिपत जातो. खसखशीएवढ्याला बहुतेक वेळा हात लावायचा नसतो. काम सुरू होतं ते मोहरीपासून. तूरडाळीएवढा असला तर आधी भिंग लावून तळाला काय दिसतंय ते बघायचं. करडा प्रायमर आहे, चकाकणारा पत्रा आहे, की तपकिरी ठिपका आहे, यावर पुढचे तीन-चार दिवस ठरतात.

हे काम मी गेली चौदा वर्षं करतोय. त्याआधी अठरा वर्षं अख्ख्या गाड्या रंगवल्या. मोठं काम सोडून छोट्याकडं आलो ते आवडीनं नाही. रस्त्यावरची खडी उडून पडलेली भोकं बुजवत बसणं हे रंगाऱ्याचं काम आहे असंच मला वाटत नव्हतं. आज मात्र कुणी विचारलं की एवढ्या वर्षांत काय शिकलात, तर हातात रंगाच्या फवाऱ्याची गन होती त्या दिवसांचं मला फारसं सांगावंसं वाटत नाही. सांगावंसं वाटतं ते या टवक्यांचं.

१९९३ साली कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी एका मिस्त्रींच्या हाताखाली लागलो. गाडीच्या रंगाला तेव्हा सगळे सरसकट ड्युको म्हणायचे. मुळात ते एका अमेरिकन कंपनीच्या लवकर वाळणाऱ्या रंगाचं नाव, पण आमच्याकडं ते सगळ्याच लॅकर रंगांना चिकटलं होतं. अँबॅसिडर, पद्मिनी, मारुती ८००, जीप या गाड्या यायच्या. रंग एकाच जातीचा, वरून वेगळं क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, नाही. टवका उडालेला असला तर मिस्त्री काडेपेटीतल्या काडीला कापूस गुंडाळायचे, रंगाचा थेंब लावायचे आणि दोन दिवसांनी वॉटर पेपर मारून, कंपाउंडनं घासून गाडी द्यायचे. रंगसुद्धा डोळ्यांनीच मिळवायचे. पांढऱ्यात पिवळा किती आणि काळा किती, हे काडीवरून एकेक थेंब सोडत ठरायचं. थेंब सोडला की ढवळायचं, पत्र्याच्या तुकड्यावर लावायचं, दाराबाहेर उन्हात नेऊन गाडीशेजारी धरायचं. मी तो तुकडा घेऊन दिवसातून वीस-वीस वेळा दुकानाच्या आत-बाहेर केलेलं आहे. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात वेगळा निघतो, हे मला तिथंच कळलं आणि आजही मी कुठलाच रंग आतल्या उजेडात पास करत नाही.

पुढं मेटॅलिक रंग आले, त्यावर क्लिअरचा थर आला, आणि काडी-कापसाची विद्या पुरेनाशी झाली. ती पुरत नाही हे मला एका डॉक्टरांच्या चंदेरी गाडीनं दाखवलं. बॉनेटच्या पुढच्या कडेला अकरा टवके होते. दाराच्या खांबावरच्या पट्टीवर रंगाचा कोड असतो, तो बघून मी रंग मिळवून आणला. कोड तोच, छटा तीच. ब्रशनं अकरा थेंब सोडले. थेंब जरा वर आलेले दिसत होते, पण वाळल्यावर बसतील असं वाटलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गाडी उन्हात घेतली आणि बॉनेटवर अकरा माश्या बसल्यासारखं दिसायला लागलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आधी जवळ गेल्यावर दिसायचं, आता लांबूनच दिसतंय." मी पैसे घेतले नाहीत. ते पुन्हा आले नाहीत.

रंगाचं दुकान चुकलं असेल असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. चूक माझ्या हाताची होती. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे अतिशय बारीक पापुद्रे असतात. गननं हलका फवारा मारला की ते पत्र्याला लागून आडवे पडतात आणि आरशासारखा उजेड परत फेकतात. जाड थेंब ठेवला की तेच पापुद्रे आत वेडेवाकडे, तिरपे राहतात, उजेड सगळीकडं विखुरतो आणि तोच रंग काळपट दिसतो. म्हणून रंग दुधाइतका पातळ करायचा, ब्रशच्या टोकावर जेमतेम घ्यायचा, भोकाच्या तळाला टेकवायचा आणि हात मागं घ्यायचा. तो आपणहून पसरतो. मग तासभर काही करायचं नाही. मग दुसरा थर. असे तीन-चार झाले तरी रंग काठाच्या खालीच ठेवायचा, कारण वरची जागा क्लिअरची आहे. एवढं करूनही मेटॅलिकचा टवका पूर्ण नाहीसा होत नाही. तीन-चार फुटांवरून दिसणार नाही, वाकून शोधलात तर सापडेल, असं मी गाडी घेतानाच सांगतो. काही जण ते ऐकून गाडी परत नेतात. त्यांना नेऊ देतो.

गन सुटली त्याचंही सांगायला पाहिजे, कारण रंगकाम शिकणारी पोरं हे वाचतील तर त्यांच्या कामाला येईल. क्लिअरमध्ये हार्डनर मिसळतात, त्यात आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. फवारा मारताना ते श्वासातून आत जातं. आम्ही तोंडाला रुमाल बांधायचो. रुमालानं धूळ अडते, ही वाफ अडत नाही, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही कुणाला विचारलं नव्हतं. आधी काम संपल्यावर खोकला यायचा. मग रात्री छातीत शिट्टी वाजायला लागली. २०११ च्या पावसाळ्यात एका रात्री मला उताणं झोपताच येईना, पहाटेपर्यंत भिंतीला टेकून बसलो. छातीच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो धंद्याचा. एकदा शरीरानं या रसायनाचा धसका घेतला की पुढं अगदी थोडं श्वासात गेलं, नुसता वास आला, तरी दम लागतो, असं त्यांनी समजावलं. गोळ्या घेऊन तेच काम चालू ठेवता येणार नव्हतं. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मुखवटा घालूनच हा फवारा मारायचा असतो. माझ्यासाठी ते फार उशिरा कळलं. माझ्या दुकानात आलेल्या प्रत्येक नव्या पोराला मी हे पहिल्या दिवशी सांगतो, पगाराचं बोलायच्या आधी.

त्यानंतर तीन महिने मी दुकानात नुसता बसून होतो. गाड्या येत, भाऊ रंगवायचा, मी बाहेरच्या झाडाखाली. ओळखीचे लोक गाडी दाखवायला तिथंच यायचे आणि नवी गाडी असली तर हमखास म्हणायचे, "बघा की हो, पुण्याला दोनदा गेलो आणि एवढे टवके पडले." बसल्या जागी त्यांच्या टवक्यांना रंग लावता लावता हे काम माझ्याकडं आलं. टवक्यात भरायला मी हार्डनर लागत नाही असंच क्लिअर वापरतो. ते हार्डनरवाल्याइतकं टणक नसतं, पेट्रोल सांडलं तर मऊ पडू शकतं, हेही गिऱ्हाइकाला सांगतो. मोहरीएवढ्या भोकात ते वर्षानुवर्षं टिकलेलं मी बघितलंय.

आता टवका पडतो कसा ते सांगतो. आपल्याकडची रस्त्याची खडी म्हणजे सह्याद्रीचा काळा पाषाण, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. नदीतला गोटा गुळगुळीत असतो, क्रशरमधून निघालेल्या खडीला मात्र चारी बाजूंनी धार असते. नव्या डांबरावर ती मोकळी पसरलेली असली की पुढच्या गाडीचं चाक तिला उचलून मागं फेकतं. ताडपत्री न टाकलेला खडीचा हायवा डंपर पुढं असला तर ती वरूनही येते. आणि आपणही तिच्यावर चालून जात असतो. वेगाचा हिशेब इथं वर्गात चालतो. साठऐवजी शंभरच्या वेगानं तोच खडा लागला तर मार जवळजवळ पावणेतीनपट. रत्नागिरीकडं जाणाऱ्या आंबा घाटाच्या रस्त्याचं, पुणे-बंगळूर रस्त्याच्या रुंदीकरणाचं काम सुरू झाल्यापासून आमच्याकडं बॉनेटांची रांग लागलीय. धंदा वाढला म्हणून मला आनंद व्हायला पाहिजे, पण सहा महिन्यांच्या गाडीचं छपराच्या कडेपर्यंत चाळण झालेलं तोंड बघून तो होत नाही. काम चालू असलेल्या रस्त्यावर हायवाच्या मागं चिकटू नका, लांब राहा, नाहीतर थांबून चहा घ्या आणि त्याला जाऊ द्या. माझ्या तीस वर्षांच्या कामातला हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

टवका दहापट मोठा करणाऱ्या भिंगातून बघितला की लोणारचं विवर दिसतं. अगदी तसाच गोल काठ, आत उतरत जाणाऱ्या पायऱ्या, तळाला एक वेगळाच रंग. पायऱ्या म्हणजे थर. सगळ्यात वर क्लिअर, साधारण चाळीस मायक्रॉन. त्याखाली रंग, तो तर पंधरा-वीस मायक्रॉनच असतो. मग करडा प्रायमर. सगळ्यात खाली, पत्र्याला चिकटलेला पहिला थर. सगळं मिळून शंभर ते सव्वाशे मायक्रॉन. डोक्याचा एक केस सत्तरेक मायक्रॉनचा असतो, म्हणजे ज्याला आपण गाडीचा रंग म्हणतो ते प्रकरण दोन केसांइतकंही जाड नाही. पहिल्यांदा हे आकडे कळले तेव्हा मी घाबरलोच. अठरा वर्षं मी ज्याच्यावर दणादण पेपर मारत होतो, ते एवढंसं होतं.

तो खालचा पहिला थर मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कारखान्यात गाडीचा उघडा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवतात, त्यातून वीज सोडतात, आणि विजेच्या ओढीनं रंग सांध्याफटींतसुद्धा जाऊन बसतो. मग तो भट्टीत भाजतात, १६० अंश सेल्सिअसच्या वर. तेव्हा त्या सांगाड्यात वायर नसते, काच नसते, सीट नसते, म्हणून भाजता येतो. तयार गाडी गॅरेजमध्ये साठ-सत्तर अंशांच्या पुढं तापवायची म्हटलं तर प्लास्टिक मऊ पडून वाकायला लागेल. म्हणजे कितीही मोठं गॅरेज असो, कितीही महाग रंग असो, कारखान्यातला तो थर परत मिळत नाही. मी स्वतः शेकडो बॉनेटं पत्र्यापर्यंत घासून नवी रंगवली. चकाचक दिसायची. पण त्यातल्या कित्येकांना दहा-बारा मोहऱ्यांपलीकडं काही झालेलं नव्हतं. दहा-बारा मोहऱ्यांसाठी मी न परतणारी गोष्ट घासून टाकत होतो, याचं मला आज वाईट वाटतं.

म्हणून आता माझा एकच आग्रह असतो. भोक आहे तेवढंच भरायचं. काठाच्या बाहेर रंग आला तर लगेच पुसायचा. टवका लपवायचा नसतो, बाकीचं बॉनेट वाचवायचं असतं.

विम्याचंही याच्याशी नातं आहे. एका तरुण मुलानं टवक्यांसाठी क्लेम करून अख्खं बॉनेट रंगवून घ्यायचं ठरवलं होतं. त्याला मी कागदावर हिशेब करायला बसवलं. सलग पाच वर्षं क्लेम केला नाही तर आपल्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. त्याची चार वर्षं झाली होती. एका क्लेमनं सूट शून्यावर येणार आणि पुन्हा वीस टक्क्यांपासून चढायला सुरुवात. त्यानं आकडे मांडले, दोनदा बघितले आणि टवके भरून गाडी नेली.

माझी सगळ्यात मोठी चूक मात्र रंगाची नव्हती, गंजाची होती. रत्नागिरीहून एक बाई गाडी घेऊन आल्या होत्या. समोरच्या काचेच्या वर, छपराच्या कडेला, ज्वारीएवढा टवका. तळाला तपकिरी ठिपका मला दिसला होता. संध्याकाळ झाली होती, त्यांना घाट उतरून जायचं होतं, मी ब्लेडनं जरासं खरवडलं, प्रायमर लावला, रंग भरला. दिसायला सुंदर झालं. पुढच्या वर्षी गणपतीला माहेरी आल्या तेव्हा त्याच जागी रुपयाएवढा फोड आला होता. मी नखानं टोकरला तर रंगाचा पापुद्रा सहज निघाला आणि खाली बोटाच्या पेराएवढा तांबेरा. समुद्रावरची खारी हवा आणि कोकणातला पाऊस, त्याला वर्ष पुरलं. त्या म्हणाल्या, "दादा, तुम्हीच बुजवलं होतं ना हे?" त्यांनी आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. उघडा टवका असता तर गंज दिसला तरी असता, त्यांनी वेळेत दाखवला असता. मी त्यावर झाकण ठेवून दिलं होतं.

ते छप्पर मी माझ्या खर्चानं भावाकडून करून दिलं. त्या दिवसापासून तपकिरी काही दिसलं की त्या दिवशी रंगाचा डबा उघडायचाच नाही, असं ठरवलंय. आधी शस्त्रक्रियेच्या ब्लेडच्या टोकानं सुटलेला गंज काढायचा. मग काचेच्या बारीक तंतूंचं पेन मिळतं, त्यानं तळ पांढरा होईपर्यंत घासायचा. कणाकणांत गंज उरलेला असतो त्याच्यावर फॉस्फोरिक ॲसिडचं द्रावण टाचणीनं सोडायचं. गंज काळा पडत जातो. ते धुवायचं, कोरडं करायचं, भिंग लावून पुन्हा बघायचं. शंका वाटली तर पुन्हा पहिल्यापासून. तळ स्वच्छ झाल्यावर इपॉक्सी प्रायमरचा एक थेंब आणि रात्रभर विश्रांती. गिऱ्हाईक म्हणतं, एवढ्याशा ठिपक्याला एवढं? त्यांना मी रत्नागिरीच्या छपराचा फोटो दाखवतो. तो मी मुद्दाम ठेवलाय.

पावसाळ्यात तर मी कामच कमी घेतो. हवेत पाणी असलं की वाळणारं क्लिअर पांढुरकं पडतं, आत धुकं अडकल्यासारखं. आणि दसऱ्याचं एक सांगून ठेवतो. दसऱ्याला गाडीची पूजा होणारच, म्हणून टवके भरायचे तर पितृपक्षाच्या आधी भरून घ्यावेत. एका पांढऱ्या गाडीचे टवके मी नवमीला भरून दिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी बॉनेटवर ओल्या कुंकवानं स्वस्तिक काढलं, दिवसभर उन्हात राहिलं, आणि माझे कच्चे थर कुंकू पिऊन गुलाबी झाले. बाकीचं बॉनेट धुतल्यावर स्वच्छ, टवके तेवढे गुलाबी. पुन्हा सगळं काढून नव्यानं भरलं. हळद-कुंकू कागदाच्या तुकड्यावर लावून तो बॉनेटवर ठेवा, असं मी आता सुचवतो, आणि लोक ऐकतात.

भरलेला थेंब वाळला की काठाच्या वर थोडा उंचवटा राहतो, तो सपाट करायचा असतो. इथं माझ्यासारख्या मोठ्या कामाच्या हाताची खरी परीक्षा होते. सवयीनं मी सुरुवातीला बोटाखाली वॉटर पेपर धरून घासायचो. एका काळ्या गाडीच्या बॉनेटवर, मधल्या उंच घडीजवळ, मी असाच पेपर मारला आणि वर लोकरीच्या पॅडचं मशीन फिरवलं. घडीवर क्लिअर गेलं. ओला रंग टोकदार जागेवरून ओघळून दोन्ही बाजूंना जातो, म्हणून कडेवर आणि घडीवर क्लिअर मुळातच पातळ असतं. काळ्यावर ती जागा राखाडी दिसते आणि तिला कशानंही चकाकी येत नाही. एका ज्वारीपायी बॉनेट अख्खं रंगवावं लागलं. जे वाचवायला बसलो होतो तेच माझ्या हातानं गेलं.

आता मी कागदाला भोकं पाडायच्या पंचमध्ये दोन हजार नंबरचा वॉटर पेपर घालतो आणि त्याच्या गोल टिकल्या पाडतो. मागं रबर असलेली शाळेची पेन्सिल घ्यायची, रबराला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावायची, वर टिकली. ती साबणाच्या पाण्यात बुडवायची. पेन्सिल उभी धरायची आणि थेंबावर गोल गोल फिरवायची, तळव्याचा भार न देता. दहा-बारा फेऱ्या झाल्या की पुसायचं, तिरप्या उजेडात बघायचं. उंचवटा असतो तोवर पेपर फक्त त्यालाच लागतो, त्याचं तोंड मळकं होतं आणि भोवतीचं बॉनेट चकाकतच राहतं. ज्या क्षणी भोवतालीही एक धूसर कडी उमटायला लागते, त्या क्षणी थांबायचं. ती कडी म्हणजे आपण आता दुसऱ्याच्या जागेत आलो. मग तीन हजारची टिकली, मग कंपाउंड, तेही हातानं, मऊ कापडावर. मशीन मी विकून टाकलं.

शेवटची तपासणी डोळ्यांनी होत नाही, नखानं होते. डोळे मिटून अंगठ्याचं नख बॉनेटवरून आडवं फिरवायचं. जिथं ते अडखळतं तिथं काम राहिलंय.

हे नख मला एका गुरुजींनी दिलं. गडहिंग्लजकडचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली गाडी. येताना ते आलेखाचा कागद घेऊन आले होते. त्यावर बॉनेट काढलेलं, मापात, आणि त्यावर पेन्सिलीचे सदतीस ठिपके. प्रत्येकाला क्रमांक. कुठला कधी पडला ते काहींच्या शेजारी लिहिलं होतं, "आजऱ्याहून येताना", "लग्नाचं वऱ्हाड, निपाणी". मी गाडी ठेवून जा म्हणालो, तर म्हणाले, "मी बसतो. काही बोलणार नाही." चार दिवस रोज सकाळी पहिल्या एसटीनं यायचे, भाकरी बरोबर आणायचे, स्टूल टाकून शेजारी बसायचे. एक टवका पूर्ण झाला की कागदावर त्या ठिपक्याभोवती गोल करायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी हळूच नख फिरवून बघितलं आणि म्हणाले, "एकवीस आणि चोवीस अजून वर आहेत." मी तिरप्या उजेडात बघितलं, मला दिसेना. डोळे मिटून नख फिरवलं. होते.

चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "मला शिकवशील का रे? दर वेळी तुझ्यापर्यंत यायला जमणार नाही." मी लगेच हो म्हटलं नाही. पोटाचा विचार मनात आला, तो लपवण्यात अर्थ नाही. हे काम गिऱ्हाइकालाच यायला लागलं तर माझ्याकडं कोण येईल? पण रत्नागिरीचं छप्परही आठवलं. ती गाडी वर्षभर समुद्राकाठी होती आणि मी इथं. टवका पडल्या पडल्या शेजारी कुणी असेल तर तो गाडीचा मालकच. मग मी त्यांच्या हातात ब्रश दिला. त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका निघाला. आयुष्यभर फळ्यावर आणि पाटीवर अक्षर वळवलेला हात, कुठं दाबायचं नाही हे त्याला आधीच माहीत होतं. मला जी सवय मोडायला दोन वर्षं लागली, ती त्यांना मुळात नव्हतीच. तेव्हापासून ज्याला शिकायचं असेल त्याला मी शिकवतो. रंगाची लहान बाटली, ब्रश, टिकल्यांची डबी आणि पेन्सिल बांधून देतो. काम कमी झालं नाही. तांबेरा घेऊन येणाऱ्या गाड्या मात्र कमी झाल्या, आणि मला त्याचंच समाधान आहे.

गेल्या मार्गशीर्षात गुरुजींची मुलगी त्यांना घेऊन आली. गाडी तीच, दहा वर्षांची. गाडी ती चालवत होती, गुरुजी शेजारी. त्यांच्या हाताला आता कंप आहे. आलेखाचा कागद घड्यांवर फाटत आलेला, मागून पारदर्शक टेप लावलेली, आणि ठिपके सदतीसचे चौऱ्याण्णव झालेले. एक्याण्णवांभोवती गोल होते. तिघांभोवती नव्हते. "एवढे राहिले," ते म्हणाले, "ब्रश टोकावर थांबत नाही आता."

मी भिंग लावलं. बाकीच्या जागा शोधायला मला कागद लागला. एकातही गंज नव्हता. उरलेल्या तिन्हींत करडा प्रायमर दिसत होता, पत्रा नाही. रंग पातळ केला, पहिला थर दिला, त्यांना चहा दिला. संध्याकाळी दुसरा. ते मुक्कामाला राहिले. दुसऱ्या दिवशी क्लिअर, तिसऱ्या दिवशी पुन्हा क्लिअर, आणि चौथ्या दिवशी सकाळी टिकली लावून तिन्ही सपाट केले, कंपाउंड मारलं, ओल्या कापडानं पुसून घेतलं.

गुरुजी स्टुलावरून उठले. मुलीचा हात धरून बॉनेटपर्यंत आले, डोळे मिटले आणि थरथरणाऱ्या अंगठ्याचं नख हळूहळू आडवं फिरवत नेलं. पहिल्यावरून गेलं. दुसऱ्यावरून गेलं. तिसऱ्यावर थांबलं.

"त्र्याण्णव," ते म्हणाले, "जरासा."

मी पेन्सिल उचलली आणि टिकली साबणाच्या पाण्यात बुडवली.